बिशप नसलेली मंडळी आणि उत्तर देण्याची जबाबदारी

बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बिशप (अनेक मंडळ्यांवरचा वरिष्ठ धर्माधिकारी) नसतो. प्रत्येक स्थानिक मंडळी आपला पाळक (पास्टर) स्वतः निवडते, त्याचे मानधन स्वतः ठरवते, इमारत आणि जमीन आपल्या नावावर ठेवते, आणि एखाद्या सभासदाला शिस्त लावायची की नाही हेही सभासदांच्याच सभेत ठरते. 1609 साली ॲम्स्टरडॅममध्ये जॉन स्मिथ आणि त्याच्याबरोबर इंग्लंडमधून परागंदा झालेल्या लोकांनी या रीतीची पहिली मंडळी उभी केली. त्यांच्यातलाच थॉमस हेल्विस 1612 च्या सुमारास मायदेशी परतला आणि त्याने राजा पहिल्या जेम्सला उद्देशून लिहिले की राजा हा मर्त्य माणूस आहे, देव नव्हे, म्हणून प्रजेच्या अमर आत्म्यांवर त्याची सत्ता चालत नाही. हेल्विसचा शेवट तुरुंगात झाला. मंडळीच्या स्वायत्ततेसाठी अशी किंमत मोजली गेली आहे, हे आधीच नोंदवून ठेवते, कारण पुढे मी जे लिहिणार आहे ते या तत्त्वाच्या विरोधात नाही. काहींनी या तत्त्वाचा आडोसा कसा केला आणि त्याच तत्त्वाच्या जोरावर साध्या सभासदांनी तो आडोसा कसा बाजूला सारला, याविषयी मला लिहायचे आहे.

माझे माहेर साताऱ्याचे. तिथली आमची मंडळी अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून उभी राहिली, म्हणजे मूळची काँग्रिगेशनल, स्थानिक सभासदांच्या हाती कारभार असलेली. लहान मुलांचा बाप्तिस्मा (बाप्टिस्ट तो देत नाहीत) हा एक मोठा फरक सोडला, तर कारभाराच्या बाबतीत ती बाप्टिस्टांच्या अगदी जवळची. लग्न होऊन सांगलीला आले ती प्रेसबिटेरियन वळणाच्या मंडळीत, जिथे निवडलेल्या वडिलांची, म्हणजे एल्डरांची, समिती कारभार पाहते आणि त्या समितीच्या वर आणखी एक समिती असते. मिरजेत मिशन रुग्णालय उभारणाऱ्या डॉ. वॉनलेस यांच्या मिशनचा वारसा सांगणाऱ्या सांगली-मिरजेच्या मंडळ्यांना हीच पद्धत परिचयाची आहे. माझे धाकटे दीर मात्र पुण्यात बाप्टिस्ट मंडळीचे पाळक आहेत. त्यामुळे नाताळला आणि उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या घरी जेवणानंतर हमखास जो वाद रंगतो, तो मंडळीत शेवटचा शब्द कोणाचा असावा, याविषयीचा असतो. हा लेख त्या वादातूनच तयार झाला आहे.

अमेरिकेतील सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन हा जगातील सर्वांत मोठा बाप्टिस्ट संघ मानला जातो. सुमारे 47 हजार मंडळ्या आणि सव्वा कोटीच्या आसपास सभासद, असा त्याचा आजचा विस्तार आहे. 2006 मध्ये सभासदसंख्या 1 कोटी 63 लाखांपर्यंत गेली होती आणि तेव्हापासून ती उतरत आली आहे. हा संघ 1845 मध्ये जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथे स्थापन झाला. गुलाम बाळगणाऱ्या माणसाला मिशनरी म्हणून पाठवावे की नाही, या प्रश्नावर उत्तरेकडच्या बाप्टिस्टांशी फारकत घेऊन दक्षिणेकडच्यांनी तो काढला. त्या जन्माबद्दल संघाने जाहीर क्षमा मागितली ती 1995 मध्ये, म्हणजे दीडशे वर्षांनी, आणि त्याला पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष, फ्रेड लूटर, मिळाला 2012 मध्ये. सुधारणा होते, पण इतकी उशिरा होते की ज्यांच्यावर अन्याय झाला ते ती पाहायला उरत नाहीत, हे या संघाच्या इतिहासात वारंवार दिसते.

या संघाची रचना समजून घेतल्याशिवाय पुढचा वाद कळत नाही. संघ म्हणून तो वर्षातून केवळ दोन दिवस, जूनमधल्या वार्षिक सभेत अस्तित्वात असतो. मंडळ्यांनी पाठवलेले प्रतिनिधी तिथे हातातील मतपत्रिका उंचावून ठराव करतात, आणि उरलेले वर्षभर 86 सदस्यांची कार्यकारी समिती त्यांच्या वतीने काम पाहते. अध्यक्षाला पगार नाही, कोणत्याही पाळकावर त्याचा हुकूम चालत नाही. पण एक अधिकार त्याच्याकडे असतो. तो एक समिती नेमतो, ती समिती नामनिर्देशन करणारी दुसरी समिती सुचवते, आणि ती दुसरी समिती पाळकांना शिक्षण देणाऱ्या सेमिनरींचे आणि मिशन मंडळांचे विश्वस्त सुचवते. 1979 मध्ये ह्यूस्टनच्या सभेत एड्रियन रॉजर्स निवडून आले ते ही साखळी नीट ओळखणाऱ्या सनातनी गटाच्या पाठिंब्यावर. त्यानंतर दरवर्षी त्याच गटाचा अध्यक्ष निवडून येत गेला आणि दहा-बारा वर्षांत सगळ्या सेमिनरींचे विश्वस्त बदलले, प्राध्यापक बदलले. अधिकार नसलेले पद किती अधिकार गाजवू शकते, याचा हा धडा आपल्याकडच्या कोणत्याही संस्थेच्या निवडणुकीत उभ्या राहणाऱ्या माणसाने अभ्यासावा असा आहे.

आता मुख्य विषयाकडे येते. पाळकांनी किंवा मंडळीतील सेवकांनी लहान मुलांवर आणि स्त्रियांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांच्या तक्रारी या संघाच्या कार्यकारी समितीकडे अनेक वर्षे येत होत्या. ख्रिस्टा ब्राउन यांच्यासारख्या, स्वतः किशोरवयात हे भोगलेल्या स्त्रिया पत्रे लिहीत होत्या, सभांना जात होत्या, आणि एकच मागणी करत होत्या, की ज्या पाळकांवर असे आरोप सिद्ध झाले आहेत किंवा विश्वासार्ह ठरले आहेत त्यांची यादी संघाने ठेवावी, म्हणजे एका गावातून काढलेला माणूस दुसऱ्या गावात जाऊन पुन्हा पाळक होणार नाही. 2007 च्या वार्षिक सभेत अशा यादीचा विचार व्हावा असा प्रस्ताव मांडला गेला, आणि 2008 मध्ये कार्यकारी समितीने उत्तर दिले की हे शक्य नाही, कारण प्रत्येक मंडळी स्वायत्त आहे आणि संघाला तिच्या पाळकाविषयी काही ठरवण्याचा अधिकार नाही. हेल्विस ज्या तत्त्वासाठी तुरुंगात गेला, तेच तत्त्व आता पीडितांना दिलेल्या उत्तराचे कारण झाले होते.

फेब्रुवारी 2019 मध्ये ह्यूस्टन क्रॉनिकल आणि सॅन अँटोनियो एक्सप्रेस-न्यूज या दोन वृत्तपत्रांनी मिळून केलेला तपास प्रसिद्ध झाला. वीस वर्षांच्या काळात सुमारे 380 पाळक, सेवक आणि स्वयंसेवकांवर आरोप झाले होते आणि पीडितांची संख्या 700 हून अधिक होती. तरीही कार्यकारी समिती हलायला तयार नव्हती. जून 2021 मध्ये नॅशव्हिलच्या सभेला 15 हजारांहून अधिक प्रतिनिधी आले. त्याआधी समितीने जाहीर केले होते की आपल्या वागण्याची चौकशी आपणच नेमलेल्या एका बाहेरच्या कंपनीकडून करून घेऊ. चौकशी ज्याची व्हायची त्यानेच चौकशी करणारा नेमावा आणि अहवालही त्यानेच आधी वाचावा, हे सभागृहाला मान्य झाले नाही. एका पाळकाने सभागृहात उभे राहून प्रस्ताव मांडला की ही चौकशी समितीच्या हातून काढून अध्यक्षांनी नेमलेल्या स्वतंत्र गटाकडे द्यावी. पदाधिकाऱ्यांनी तो प्रस्ताव समितीकडेच विचारार्थ पाठवायचे ठरवले, सभागृहाने तो निर्णय फिरवून विषय मतदानाला आणला, आणि प्रचंड बहुमताने तो मंजूर झाला.

मला त्या दुपारचे महत्त्व फार वाटते. कोणी बिशप वरून आदेश देऊन गेला नव्हता, कोणत्याही न्यायालयाने हुकूम काढला नव्हता. टेक्सास, टेनेसी, अलाबामा अशा राज्यांतल्या लहान-मोठ्या मंडळ्यांतून आलेल्या लोकांनी हात वर करून सांगितले की समिती आमची आहे आणि आम्हाला उत्तर हवे आहे. त्यानंतर समितीत वकिलाशी झालेल्या पत्रव्यवहाराची गोपनीयता सोडावी की नाही यावर अनेक आठवडे रस्सीखेच चालली. गोपनीयता सोडली तर विमा कंपन्या हात वर करतील, संघ दिवाळखोरीत जाईल, अशी भीती घातली गेली. अखेर 5 ऑक्टोबर 2021 रोजी 44 विरुद्ध 31 मतांनी गोपनीयता सोडण्याचा निर्णय झाला आणि समितीचे प्रमुख रॉनी फ्लॉइड यांनी त्याच महिन्यात राजीनामा दिला.

22 मे 2022 रोजी गाइडपोस्ट सोल्युशन्स या कंपनीचा जवळपास तीनशे पानांचा अहवाल आला, आणि त्यातून सर्वांत धक्कादायक गोष्ट बाहेर पडली. ज्या यादीविषयी 2008 मध्ये ‘स्वायत्ततेमुळे शक्य नाही’ असे सांगितले गेले होते, तशी यादी समितीच्या कार्यालयातील एक कर्मचारी अनेक वर्षे गुपचूप ठेवत होता. तीत 700 हून अधिक नावे होती. ती कोणत्याही मंडळीला कळवली गेली नाही, त्या नावांपैकी कोण अजून व्यासपीठावर उभा आहे याचीही काळजी कोणी घेतली नाही. यादीचा उपयोग संघावर दावा होण्याचा धोका किती आहे एवढे पाहण्यापुरता होता. म्हणजे माहिती गोळा करण्याच्या आड स्वायत्तता कधीच आली नव्हती. ती आली फक्त माहिती देण्याच्या आड. हा भाग मी प्रथम वाचला तेव्हा पुढे वाचणे मला बराच वेळ जमले नाही, कारण प्रत्येक नावामागे एक मूल होते, आणि त्या मुलाच्या आईवडिलांनी त्याला देवाच्या घरात निर्धास्तपणे पाठवले होते.

जून 2022 मध्ये अनाहाइमच्या सभेत सुधारणांचे ठराव मंजूर झाले. टेक्सासमधील फार्मर्सव्हिल या छोट्या गावचे पाळक बार्ट बार्बर अध्यक्ष झाले, आणि मंडळ्यांना पाळक निवडण्यापूर्वी पडताळून पाहता येईल अशी उघड यादी तयार करण्याचे ठरले. मात्र त्यापुढची तीन वर्षे निराश करणारी आहेत. यादीसाठी संकेतस्थळ तयार झाले, पण त्यावर एकही नाव चढले नाही. कायदेशीर धोका, विम्याचा खर्च, पैसा कोणी द्यायचा, अशा एकामागून एक अडचणी निघत गेल्या, आणि 2025 च्या सुरुवातीला कार्यकारी समितीचे नवे प्रमुख जेफ आयॉर्ग यांनी सांगितले की ही यादी सध्या प्राधान्याचा विषय नाही. ठराव करणे दोन दिवसांच्या सभेला जमते, तो अमलात आणायला मात्र उरलेले 363 दिवस लागतात, आणि ते दिवस समितीचे असतात.

याच काळात दुसऱ्या एका विषयावर संघाने दाखवलेला वेग पाहण्यासारखा आहे. 1964 मध्ये उत्तर कॅरोलिनातील डरहॅम येथे अॅडी डेव्हिस यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली; सदर्न बाप्टिस्ट मंडळीने दीक्षा दिलेल्या त्या पहिल्या स्त्री. 2000 मध्ये संघाने आपल्या विश्वासाच्या जाहीरनाम्यात पाळकाचे पद पुरुषांपुरते मर्यादित असल्याचे लिहिले, आणि त्याच वर्षी माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी संघाशी नाते तोडले. कॅलिफोर्नियातील सॅडलबॅक या अतिशय मोठ्या मंडळीने स्त्रियांना पाळक नेमले म्हणून फेब्रुवारी 2023 मध्ये तिला संघाबाहेर काढण्यात आले. तिच्याबरोबर केंटकीतील फर्न क्रीक ही लहान मंडळीही काढली गेली, जिथे एक स्त्री तीस वर्षे पाळक होती. दोघींनी जूनमध्ये न्यू ऑर्लीन्सच्या सभेत दाद मागितली आणि जवळपास दहापैकी नऊ मते त्यांच्या विरोधात पडली. त्यापुढे जाऊन, स्त्री पाळक असलेल्या कोणत्याही मंडळीला संघात स्थान नाही, असे थेट घटनेतच लिहावे अशी दुरुस्ती आली. तिला दोन सलग वर्षे दोन-तृतीयांश मते हवी होती. 2023 मध्ये ती मिळाली, 2024 मध्ये इंडियानापोलिसला सुमारे 61 टक्क्यांवर अडली, आणि 2025 मध्ये डॅलसला तसाच प्रस्ताव पुन्हा आला तेव्हाही जवळपास तेवढ्यावरच थांबला.

शास्त्रवचनांचा अर्थ लावण्यात प्रामाणिक मतभेद असू शकतात, हे मी जाणते. माझे दीर स्वतः या बाबतीत माझ्याशी सहमत नाहीत आणि तरीही ते मला आदराने ऐकून घेतात. मला प्रश्न पडतो तो वेगळाच. स्त्रीला पाळक केलेल्या मंडळीबाबत संघाला सारे काही ठरवता येते, तिचे नाव जाहीर करता येते, तिला दाराबाहेर काढता येते, आणि त्या वेळी स्वायत्तता आडवी येत नाही. मुलांवर अत्याचार केलेल्या पाळकाचे नाव जाहीर करायचे म्हटले की मात्र ती येते. तत्त्व खरे असेल तर ते दोन्हीकडे सारखे लागू व्हायला हवे, आणि ज्या लोकांनी हे सारे प्रकरण उजेडात आणले त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, हे विसरून चालणार नाही.

ही सारी अमेरिकेतली भांडणे आहेत, आपला काय संबंध, असे आमच्या मंडळीतील काही जण म्हणतात. त्यांच्यासाठी बाप्टिस्टांचीच, पण आपल्या भाषेच्या इतिहासात असलेली एक गोष्ट सांगते. इंग्लंडचा बाप्टिस्ट मिशनरी विल्यम कॅरी 1793 मध्ये बंगालात आला आणि पुढे जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांच्याबरोबर श्रीरामपुरात (हुगळीकाठच्या, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नव्हे) राहिला. 1805 मध्ये त्याने मराठीचे व्याकरण छापले, 1810 मध्ये मोडी अक्षरांत मराठीचा कोश काढला, आणि या कामात वैजनाथ पंडितांचे साहाय्य त्याला मिळाले. मराठी मुद्रणाचा इतिहास लिहिणारा कोणीही या बाप्टिस्टांना टाळून पुढे जाऊ शकत नाही. 1805 मध्येच या मिशनऱ्यांनी आपसात एक लेखी करार केला. त्यात इथल्या मंडळ्यांनी आपले पाळक आणि सेवक आपल्याच देशबांधवांतून निवडावेत, असे त्यांनी स्पष्ट म्हटले होते. त्यांची मिळकत सामाईक असे. कॅरीला फोर्ट विल्यम कॉलेजातून मिळणाऱ्या पगाराचा मोठा हिस्साही त्याच खात्यात जाई.

आणि तरीही त्यांना पाठवणाऱ्या मिशनच्या लंडनमधल्या समितीशी त्यांचे फाटले. अँड्र्यू फुलर हा समितीचा जुना सचिव कॅरीचा स्नेही होता, तो 1815 मध्ये वारला, आणि नव्या समितीने श्रीरामपूरच्या इमारती व जमीन कोणाच्या नावावर आहेत, त्यांचा हिशेब कोणाला द्यायचा, असे विचारायला सुरुवात केली. श्रीरामपूरकरांचे म्हणणे होते की ही मिळकत आम्ही कष्टाने उभी केली आहे आणि ती मिशनच्याच कामासाठी आहे, तेव्हा दूर बसलेल्यांनी हुकूम सोडू नये. लंडनकरांचे म्हणणे होते की लोकांच्या देणग्यांवर चालणाऱ्या कामाचा हिशेब देणाऱ्यांना कळला पाहिजे. कॅरीचा स्वतःचा पुतण्या यूस्टेस आणि त्याचे तरुण सहकारी, ज्यांना वडीलधाऱ्यांचा एकछत्री कारभार मान्य नव्हता, वेगळे होऊन कलकत्त्याला गेले. 1827 मध्ये श्रीरामपूर आणि समिती अधिकृतपणे विभक्त झाले. ते पुन्हा एक झाले 1837 मध्ये, तेव्हा कॅरीला जाऊन तीन वर्षे झाली होती. मी ही हकीकत जितक्या वेळा वाचते तितक्या वेळा मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. कॅरीच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घ्यायला जागा नाही, पण त्याच्या प्रामाणिकपणावर सारा कारभार उभा होता आणि त्याच्यानंतर काय, याचे उत्तर कोणाकडे नव्हते.

साताऱ्यात याच प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला गेला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला येऊन ‘देवाचा दरबार’ सुरू केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत अशी त्यांची कल्पना होती. परक्यांच्या पगारावर चालणारी मंडळी आपल्या पायांवर उभी राहणार नाही, ही त्यांची तळमळ होती. 1919 मध्ये ते गेले आणि दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. साताऱ्यात वाढलेल्या आम्हा मुलांना टिळकांची भजने तोंडपाठ असत, पण त्यांनी नेतृत्वाविषयी काय म्हटले होते ते मला कोणी संडे स्कूलमध्ये शिकवले नाही.

आता सांगलीकडे येते. आमच्या भागातील एका मंडळीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला मी उपस्थित होते. मंडळीचे नाव लिहीत नाही. सहकारी कारखान्यांच्या सभांत ‘मंजूर, मंजूर’ हा घोष ऐकत मोठ्या झालेल्या आमच्या जिल्ह्यात मंडळीची सभाही तशीच भराभर पुढे सरकली: मागील प्रोसिडिंग वाचून कायम, जमाखर्च मंजूर, हिशेबतपासनीसाची नेमणूक मंजूर. महिला मंडळातील एक मावशी हातात घडी केलेला कागद घेऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारले, “रस्त्याकडेच्या गाळ्यांचं भाडं महिन्याला किती येतं, आणि ते कुठल्या खात्यात जमा होतं?” अध्यक्ष म्हणाले, “ताई, हा विषय पत्रिकेवर नाही.” मावशी शांतपणे म्हणाल्या, “शेवटी ‘आयत्या वेळचे विषय’ असं छापलंय, त्यात घ्या.” क्षणभर कोणी बोलले नाही. मग व्यासपीठावरून आवाज आला, “वेळ बराच झाला आहे, आपण प्रार्थनेसाठी उभे राहू या.” सगळे उठले, डोळे मिटले गेले, आणि प्रार्थना सुरू झाली. पुढच्या वर्षी त्या सभेचे प्रोसिडिंग वाचले गेले, त्यात लिहिले होते: आयत्या वेळी कोणताही विषय न आल्याने सभा प्रार्थनेने संपली. तेही वाचून कायम झाले.

प्रार्थना ही माझ्या आयुष्यातील सर्वांत पवित्र गोष्ट आहे. एका बाईचा रास्त प्रश्न थांबवण्यासाठी ती वापरली गेली, याचे दुःख मला गाळ्यांच्या भाड्यापेक्षा कितीतरी अधिक आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होते अशी कुरकुर उठली, तेव्हा प्रेषितांनी ती दाबली नाही. त्यांनी सगळ्या शिष्यांना एकत्र बोलावले आणि या कामासाठी माणसे तुम्हीच निवडा असे सांगितले. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूची माणसे वाटपावर नेमली गेली असावीत. मंडळीतील पदांची सुरुवात तक्रार ऐकण्यातून झाली, हे आम्ही दर दीक्षाविधीला वाचतो आणि दर सभेला विसरतो.

आपल्याकडे असे प्रश्न दाबले गेले की ते धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातात. मंडळ्यांच्या मिळकती सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या असतात. विश्वस्त बदलले की कलम 22 खाली 90 दिवसांत बदल अहवाल दाखल करावा लागतो, आणि फूट पडलेल्या मंडळीचे दोन गट एकाच जागेसाठी दोन वेगवेगळे बदल अहवाल दाखल करतात. मग आक्षेप, पुरावा, उलटतपासणी, अपील, आणि तोवर छप्पर गळत राहते, पाळकाचा पगार थकतो, कारण बँक सह्या मान्य करत नाही. हे मार्ग कायद्याने दिले आहेत आणि कधी कधी त्यांना पर्याय नसतो, हे मला मान्य आहे. पण ते कार्यालय विश्वस्त, मिळकत आणि हिशेब यांपुरतेच पाहू शकते. पाळकाच्या हाती मुलांना सोपवावे की नाही, सभेत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावे की नाही, हे ठरवणे सभासदांचेच काम राहते, आणि तिथे बाप्टिस्टांचा मूळ विचार मला आमच्या पद्धतीपेक्षाही अधिक मोलाचा वाटतो.

म्हणून आमच्या मंडळीच्या नियमावलीत तीन गोष्टी याव्यात, असा मसुदा आम्ही काही जणींनी तयार केला आहे. पहिली, कोणत्याही सभासदाने सभेच्या आधी लेखी दिलेला प्रश्न प्रोसिडिंगमध्ये जसाच्या तसा लिहिला जाईल आणि त्याखाली उत्तर लिहिले जाईल. उत्तर दिले नसेल तर तेही लिहिले जाईल. दुसरी, पाळक, संडे स्कूल शिक्षक किंवा वसतिगृहाचा सेवक नेमण्यापूर्वी तो आधी ज्या मंडळीत होता तिच्याकडून लेखी माहिती मागवली जाईल, आणि आपल्याकडून कोणी गेला आणि दुसऱ्या मंडळीने विचारले, तर खरी माहिती लेखी दिली जाईल. तिसरी, मुलांविषयीची किंवा स्त्रियांविषयीची तक्रार ऐकणाऱ्या समितीत मंडळीबाहेरची, या क्षेत्रातले काम करणारी एक स्त्री असेल. मुलांच्या बाबतीत तर यात मंडळीला निवड उरतच नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार असा गुन्हा घडल्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, न कळवल्यास कलम 21 खाली शिक्षा आहे, आणि त्यातून पाळक, मंडळीचे वडील (एल्डर) किंवा समिती यांपैकी कोणालाही सूट नाही. ‘आधी मंडळीत मिटवून पाहू’ असे म्हणणारा माणूस त्या क्षणी कायदा मोडत असतो.

मसुदा मी दिरांना वाचायला दिला. पहिल्या दोन मुद्द्यांवर त्यांनी लगेच होकार दिला, आणि दुसरा मुद्दा आपल्या मंडळीच्या सभेतही मांडू असे म्हणाले. तिसऱ्यावर मात्र ते अडले. “वहिनी, बाहेरची व्यक्ती समितीत बसली की मंडळीचा निर्णय मंडळीचा राहत नाही. हेच टाळण्यासाठी आमच्या लोकांनी तुरुंग भोगले.” मी म्हणाले, “भावोजी, हेल्विसला राजाला बाहेर ठेवायचे होते. इथे बाहेर राहिलेली आहे ती तक्रार करणारी मुलगी. समितीतले सगळे चेहरे आरोपीच्या ओळखीचे असतील, तर ती दार तरी ठोठावेल का?” ते बराच वेळ विचार करत होते. मग त्यांनी सुचवले की त्या स्त्रीला मत नसावे, पण प्रत्येक बैठकीला ती हजर असावी, प्रत्येक कागद तिने पाहावा आणि तिचा वेगळा अभिप्राय सर्वसाधारण सभेपुढे वाचला जावा. निर्णय सभासदांचाच राहील, पण सभासदांना सगळे कळलेले असेल.

मला मताचा अधिकारही हवा आहे, म्हणून आमचे अजून एकमत नाही. दोन्ही पर्याय आम्ही मसुद्यात शेजारी-शेजारी छापले आहेत, आणि ते विषयपत्रिकेवर घ्यावेत असे पत्र पंचवीस सभासदांच्या सह्यांनिशी सचिवांकडे दिले आहे. पत्राची पोच घेतली आहे. यादीतली पहिली सही त्या मावशींची आहे.